सदर महिला गावातून गेलेली नाही

“आता बघ, आता मी पडते,” सिपोरामावशी म्हणाली, आणि दोन मिनिटांत ती खरंच पडली.

म्हणजे टीव्हीवर पडली. प्रत्यक्षात ती रोह्याजवळच्या वरसे गावातल्या आमच्या घरात, माझ्या खास खुर्चीत बसून वालाच्या शेंगा सोलत होती. ‘कढईची राणी’चं शूटिंग महिनाभर आधीच उरकतात आणि निकाल फोडायचा नाही असं स्पर्धकांकडून लिहून घेतात, हे आम्हाला काय माहीत! महिनाभर सगळी आळी तिला “राणी, राणी” म्हणत होती आणि ती मुकाट्याने म्हणवून घेत होती.

तिला काढलं ते कोळंबीवरून. मावशी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले आपले मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्यात खवलं नसलेलं पाण्यातलं काही खात नाहीत. परीक्षकांनी नेमकं कोळंबीचं कालवण करायला सांगितलं. मावशीने केलं, पण चाखलं नाही. परीक्षकांनी आधी बोटं चाटली आणि मग म्हणाले, “जी स्वतः चाखत नाही ती राणी कशी होणार?” मग ढोल, मग मावशीचा चेहरा तीन बाजूंनी, मग मावशी एप्रन काढून टेबलावर ठेवते.

“तो एप्रन पाच वेळा काढायला लावला,” मावशीने शेंगा सोलता सोलता माहिती दिली. “चवथ्या वेळेला गाठ सुटंना.”

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण ह्या पडण्याच्या पोटात काय होतं ते मला ठाऊक होतं. मावशीची एकुलती एक लेक रूथ इस्रायलला असते. आयझॅककाका गेल्यापासून अकरा वर्षं ती आईला “ये” म्हणते आहे आणि मावशी “बघू” म्हणते आहे. शेवटी मायलेकींचं ठरलं की स्पर्धेत आहेस तोवर वरसेला राहा, बाहेर पडलीस की तिकीट. मावशीने हे मला एकट्याला सांगितलं होतं. त्यामुळे बाकीच्यांना त्या दिवशी ढोल ऐकू आला आणि मला विमान ऐकू आलं.

माझा ह्यात काय संबंध, असं कोणीही विचारेल. बायकोने विचारलंच. संबंध असा की मी नऊ वर्षांचा असताना आईने मला शनिवारी शेजारी पाठवलं, ते अजून परत बोलावलेलं नाही. शनिवार हा ह्या लोकांचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत विस्तव पेटवायचा नाही, गाडीत बसायचं नाही, काम करायचं नाही. तर शनिवारी सकाळी मावशीचा स्टोव्ह मी पेटवायचा आणि तिचा चहा गरम करायचा. त्यातही मेख अशी की “पेटव” असं तिने तोंडाने सांगायचं नाही, तेसुद्धा नियमात बसत नाही. ती दारात यायची आणि हवेला उद्देशून म्हणायची, “चहा गार हाय.” मी जायचो आणि पेटवायचो.

पुढे स्टोव्हचा गॅस झाला. मी कंपनीत स्टोअरला लागलो, तिथे शनिवारी कायम दुसरी शिफ्ट मागून घेतली. माझं लग्न शनिवारचं होतं, तेव्हा मुंडावळ्या बांधलेल्या अवस्थेत आधी मावशीचा गॅस पेटवला आणि मग मांडवात गेलो. रंभा, म्हणजे माझी बायको, ते अजून विसरलेली नाही. गेल्या वर्षी मी निवृत्त झालो, पण ह्या नोकरीतून नाही. एकोणपन्नास वर्षांत एक शनिवार चुकला नव्हता.

तर टीव्हीवर मावशी एप्रन ठेवून निघाली आणि निवेदिका एकदम किंचाळली, “पण थांबा! बाहेर गेलेल्या सुगरणींपैकी एकीला मिळणार आहे दुसरी संधी! ‘पुन्हा चूल’! आणि त्यासाठी कोणी लढायचं, हे ठरवणार तुम्ही!”

ह्या दुसऱ्या संधीचा मी पुढे सखोल अभ्यास केला आणि त्यातून एक सिद्धांत निघाला. माणूस समोर असतो तोवर त्याला कोणी मत देत नाही. मावशी स्पर्धेत होती तेव्हा आमच्या आळीतल्या अर्ध्या लोकांनी अ‍ॅपसुद्धा घेतलं नव्हतं. ती पडली आणि त्याच आळीला रात्रीचं जेवण गोड लागेना. कार्यक्रमवाल्यांना हे पक्कं माहीत आहे, म्हणून ते आधी घालवतात आणि मग आणतात. आणि घालवायचा तो आवडता माणूस, कारण नावडता परत आला काय, न आला काय!

दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीवर सभा भरली. जनूभाऊ, हे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर, त्यांनी मोर्चा सुचवला. मोर्चा कुठे न्यायचा ते त्यांना सांगता येईना, पण मोर्चा हवा होता. ग्रामपंचायत सदस्य आदेश म्हणाला, “काका, फ्लेक्स लावू. बाकी माझ्यावर सोडा.” त्याच्यावर सोडलं. दोन दिवसांत नाक्यावर भला मोठा फ्लेक्स झळकला. मध्ये हात जोडलेला आदेश, कोपऱ्यात पांढऱ्या साडीतली मावशी आणि वर लाल अक्षरात, ‘सिपोरामावशी, पुन्हा या!’

त्या दिवशी दुपारपर्यंत मावशीकडे भेटायला सात बायका येऊन गेल्या. नागोठण्याची धोंडुबाई तर फुलं घेऊन आली आणि दार मावशीनेच उघडल्यावर ओटीवरच मटकन बसली. मावशीने तिला पाणी दिलं, चहा दिला.

“चांगलं वाटलं गो,” मावशी नंतर रंभाला म्हणाली. “कोण कोण येतील ते आधीच कळलं.”

मत द्यायचं अ‍ॅपवरून. चार दिवस, एका नंबरावर एक मत आणि मत टाकलं की फोनवर ओटीपी येणार. इस्रायलमध्ये रूथच्या ओळखीचे चारेकशे कोकणी यहुदी फोन सरसावून बसले होते, पण अ‍ॅपला भारताबाहेरचा नंबर चालेना. म्हणजे सगळा भार माझ्यावर. मी निवृत्त स्टोअरकीपर. मोजणी, नोंदणी आणि चिकाटी हे माझे तीन गुण. मी वही घेऊन रोह्याच्या एसटी स्टँडवर उभा राहिलो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नम्रपणे म्हणू लागलो, “ताई, जरा फोन द्या. आता एक ओटीपी येईल, तो मला सांगा.”

सतराव्या ताईंनी पोलीस बोलावले.

चौकीत हवालदारसाहेबांनी मला पंखा लावून दिला आणि अत्यंत ममतेने समजावलं. “काका, घरात काय अडचण हाय का? ह्या वयात कशाला हे धंदे?” मी वही दाखवली. वहीत नावं, फोन नंबर, पुढे बरोबरची खूण. ती पाहून त्यांचा संशय आणखी बळावला. शेवटी जनूभाऊंना बोलावलं. त्यांनी पाऊण तास माझ्या चारित्र्याची ग्वाही दिली, त्यात माझ्या लग्नाच्या मुंडावळ्यांचा प्रसंगही सांगितला. तो ऐकून चौकीतल्या सगळ्यांनी मावशीला मतं दिली. ओटीपी मात्र त्यांनी स्वतःच टाकले. माझी मान खाली गेली ती गेलीच, पण पाच मतं पदरात पडली.

आणि मावशी निवडून आली! बाहेर गेलेल्यांतल्या सोळा जणींना, रोज आठ अशा दोन दिवसांच्या लढतीसाठी बोलावलं, त्यांत तिचं नाव पहिलं. लढत पेणला, एका मंगल कार्यालयात. कार्यक्रमाची दीपिका नावाची मुलगी फोनवर सारखी “सर, सर” करायची. तिने सांगितलं, “सर, फक्त एक फॉर्म आणि रहिवासी दाखला.”

फक्त! दाखल्याच्या ऑफिसात माझ्या तीन खेपा फुकट गेल्या. घर आयझॅककाकांच्या नावावर, वीजबिल त्यांच्याच नावावर. तिथल्या भाऊसाहेबांनी चष्म्यावरून विचारलं, “नाव?”

“सिपोरा आयझॅक रोहेकर.”

“रोहेकर म्हणजे मूळचे रोह्याचे. आता कुठं असतात?”

“इथेच असतात.”

“इथं असतात तर रोहेकर कशाला? गाव सोडल्यावर लावतात ना गावाचं आडनाव?” साहेब पुढे म्हणाले, “आणि ती सगळी मंडळी गेली ना तिकडं? माझ्या माहितीप्रमाणं कुणी नाय राहिलं.”

“ह्या गेल्या नाहीत.”

“मग तसा पंचनामा करून आणा, गेल्या नाहीत असा.”

आम्ही केला. आदेश, जनूभाऊ धरून पाच जणांनी सह्या केल्या, आणि चौथ्या खेपेला गोल शिक्क्याचा दाखला हातात पडला. ‘श्रीमती सिपोरा आयझॅक रोहेकर ह्या मौजे वरसे येथील कायम रहिवासी असून, सदर महिला गावातून गेलेली नाही.’ मी तो हौसेने लॅमिनेट करून घेतला. मावशीने तो दोनदा वाचला आणि पदर तोंडाला लावून हसत राहिली.

फॉर्म मी शेवटच्या दिवशी भरला. दुकानात गर्दी, वीज जातेय-येतेय, मागचा माणूस माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून वाचतोय. नाव, वय, रक्तगट, आवडता मसाला असं सगळं भरत आलो. शेवटी एक चौकोन होता, ‘पसंतीचा वार निवडा: शनिवार / रविवार.’ मी क्षणाचाही विचार केला नाही. माझ्या डोक्यात शनिवार म्हणजे मावशी आणि मावशी म्हणजे शनिवार. रविवारशी तिचा काय संबंध? बोट आपोआप गेलं. वीज जायच्या आत फॉर्म गेला म्हणून मी आनंदाने मागच्या माणसालाही चहा पाजला.

बुधवारी लढतीची जागा आणि वेळ कळवणारा मेसेज आला तो घेऊन मी उड्या मारत मावशीकडे गेलो. ती परातीत पोहे भिजवत होती. तिने एलियाहू हन्नाबी ह्या त्यांच्या प्रेषिताला मलिद्याचा नवस केला होता. पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर पाच फळं. मागितलं ते मिळालं की मलिदा करतात. मी मेसेज मोठ्याने वाचला. पेण, सकाळी दहा, स्वतःचा चमचा आणावा.

“वार कुठला?” तिने विचारलं.

“शनिवार!” मी ऐटीत सांगितलं.

तिचा हात परातीत थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग मला कळलं. एकोणपन्नास वर्षं जे मला झोपेतही ठाऊक होतं, ते मला त्या क्षणी नव्याने कळलं. मी तिथेच पाटावर बसलो.

“महिपती, तू लिवलंस व्हय वार?”

“मावशी, मी…”

“ऱ्हाऊ दे.” तिने पोह्यांवर खोबरं पसरलं. “मलिदा तर करायचाच. निवड झाली ना? मी मागितलं ते त्यानं दिलं. वार मागायचा ऱ्हायला.”

तिने पहिली मूठ माझ्या हातावर ठेवली.

मग मी दीपिकाला फोन लावला. त्या दोन दिवसांत एकवीस वेळा लावला. रविवारच्या चुली भरल्या होत्या. शेवटी ती बिचारी हळू आवाजात म्हणाली, “सर, खरं सांगू? मॅडमना काढलं तेव्हाच परत आणायचं ठरलेलं होतं. कोळंबी मुद्दाम दिली होती. आता आमचे सर म्हणतात, त्यांनी यायला नकार दिला तरी छान आहे. आम्ही घरी येऊन तो नकार शूट करू. थोड्या रडल्या, तर तिसऱ्या संधीचंही बघता येईल.”

हे मी मावशीला सांगितलं. सांगायला नको होतं, पण माझ्यात अजून आशा होती.

“नको रे,” ती म्हणाली. “परत परत पडायचं वय नाय माझं.” आणि तिने रूथला तिकिटाचं सांगितलं. रंभाने विचारलं, “मावशी, तिकडं सायरन वाजतात म्हणं?” मावशी म्हणाली, “लेक तिथं हाय गो.”

शहाण्या माणसाने इथे थांबावं. मी शनिवारी पहाटेची एसटी पकडून पेणला गेलो. लॅमिनेट केलेला दाखला, मतांची वही आणि मावशीचा चमचा पिशवीत. प्रत्यक्ष भेटून विनंती केली तर माणसं ऐकतात, असा माझा स्टोअरमधला अनुभव होता.

सकाळी दहाचं शूटिंग दुपारी तीनला सुरू झालं. आठ शेगड्या, सात बायका. सातव्या शेगडीवर मावशीच्या नावाची पाटी. माझी विनंती तोवर चार जणांनी ऐकून पाचव्याकडे पाठवली होती. निवेदिकेने जाहीर केलं, “पाच मिनिटांत जिची चूल पेटणार नाही, ती बाद!” सात शेगड्या भसाभस पेटल्या. सातव्या नंबरची गार. घड्याळ मोठ्याने टिकटिकत होतं. मी कडेला उभा होतो आणि मला एवढंच दिसत होतं की मावशीची शेगडी विझलेली आहे. माझे पाय कधी चालू लागले ते कळलं नाही. मी पुढे गेलो आणि सवयीने पेटवली.

दोन दणकट माणसांनी मला दोन्ही दंडांना धरलं. सगळे कॅमेरे माझ्याकडे वळले. निवेदिका धावत आली. “कोण आपण?”

“शेजारी. मी गॅस पेटवतो.”

“कधी?”

“दर शनिवारी.”

दिग्दर्शक खूश होऊन ओरडला, “काका, पुन्हा एकदा! येताना थोडे अडखळा!” मी म्हणालो, “मी एकदाच पेटवतो.” आणि हे बोलता बोलता माझं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलं. दुपारचे सव्वातीन. आज शनिवार. मी पेणला. मग वरसेला कोणी पेटवला?

मी बाहेर पळत येऊन रंभाला फोन लावला. ती म्हणाली, “मी सकाळीच गेले व्हते. मला बोलल्या, ऱ्हाऊ दे गो, महिपती येल.”

त्या दिवशी वडखळला ट्रकांची रांग हलता हलत नव्हती. नागोठण्याला एसटीचं चाक बसलं. मी पिशवी छातीशी धरून बसलो होतो आणि शेजारच्या माणसाने दोनदा विचारलं की घरी कोणाला बरं नाही का. मी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. मावशी दारात बसलेली. आत शेगडीवर पातेलं, त्यात शुक्रवारचा चहा, वर साय धरलेली. ती दिवसभर चहाशिवाय राहिली होती.

“येलास?” ती म्हणाली.

“रंभा आली होती ना! तिला का नाही पेटवू दिलास?”

“तिला कसं कळनार? चहा गार हाय, हे मी तुलाच बोलते ना.”

मी तिच्या पायरीवर बसून रडलो. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, आळीतून लोक येत-जात होते, आणि मी रडलो. आभाळात तीन चांदण्या दिसल्या, शब्बाथ संपला. मग ती गुडघ्यावर हात टेकत उठली, स्वतः गॅस पेटवला, ताजा चहा केला आणि पहिला कप मला दिला.

पुढच्या महिन्यात ती गेली. आदेशने नाक्यावर तोच जुना फ्लेक्स परत लावला. मजकूर बदलावा लागला नाही. जाताना मावशीने दाखला माझ्या हातात ठेवला. “ठेव तुझ्याकडं. खोटा ठरला तरी शिक्क्याचा हाय.” ‘पुन्हा चूल’चा भाग दाखवला, त्यात मी बारा सेकंद आहे, आणि खाली लिहिलंय ‘भावुक चाहता’. जनूभाऊ मला अजून त्या नावाने हाक मारतात.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या शनिवारी मी सकाळी उठून तिच्या दारापर्यंत गेलो. कुलूप पाहिलं आणि परत आलो. रंभाने चहा पुढे ठेवला. मी तो प्यायलो नाही.

रविवारी सकाळी फोन आला. मावशी नीट दिसत नव्हती, नुसतं कपाळ आणि मागची पांढरी भिंत. जेवण बरं आहे, रूथची मुलं मराठी समजतात पण बोलत नाहीत, गुडघ्याला तेल लावते, असं सगळं झालं. मग मी विचारलं, “मावशी, काल शनिवारी चहाचं काय केलंस?”

“हितं काय करायला लागत नाय रे. शुक्रवारी बटण लावून ठेवायचं. शनिवारी आपलं आपण गरम ऱ्हातं. कुणाला दारात येऊन बोलायला नको.”

“म्हणजे बरंच आहे,” मी म्हणालो.

“बरंच हाय.”

मग स्क्रीनवरचं कपाळ बाजूला वळलं, आणि तिथल्या कुठल्याशा दाराकडे तोंड करून ती म्हणाली, “चहा गार हाय.”

मी फोन हातात धरून उठलो, स्वयंपाकघरात गेलो आणि गॅस पेटवला. रंभा हातातली पोळी तशीच धरून बघत उभी राहिली.

“पेटवलाय, मावशी,” मी म्हणालो.